'कोणती भाषा विकते?' हा प्रश्न विचारण्याआधी



पेट झाली, मुलाखत तोंडावर आली, आणि संशोधन आराखड्यासाठी विषय हवाय, असे बरेच मेसेज या महिन्यात आले. त्यातल्या तिघाचौघांचा विषय जवळपास एकच होता: 'सोशल मीडियावरील विपणनात प्रादेशिक भाषेचा प्रभाव'. विषय चांगला आहे. आजूबाजूला उदाहरणं भरपूर आहेत, डेटा हाताशी आहे असं वाटतं आणि मुलाखतीत पॅनेललाही तो लगेच कळतो.

पण याच विषयात मी पहिल्या वर्षी सपशेल तोंडावर आपटले होते, आणि त्याचा फटका माझ्या आत्याला बसला. आज तीच गोष्ट सांगते. म्हणजे तुमच्या आराखड्यात तीच चूक राहणार नाही.

आत्याचा प्रश्न

आत्याचा साताऱ्यात घरगुती व्यवसाय आहे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी वर्षभर, आणि दिवाळीत फराळ. दोन खोल्या, चार जणी कामाला. गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. सातारा-पुण्याकडची मराठी घरं, पुण्यातल्या सोसायट्यांमधली हिंदी बोलणारी कुटुंबं, आणि बंगळुरूला किंवा परदेशात असलेली, मराठी बोलणारी पण वाचायला इंग्रजी सोपं वाटणारी मुलंबाळं.

एके दिवशी आत्याने विचारलं, "पोस्ट मराठीत टाकू, हिंदीत टाकू का इंग्रजीत? तू तर त्यातच पीएच.डी. करतेस ना?"

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालेलं, पीएच.डी.चं पहिलं वर्ष, अंगात नवा उत्साह. मी म्हटलं, अंदाज कशाला, प्रयोगच करू. एकच फोटो, एकच किंमत, सारखे पैसे, सारखे दिवस. एक जाहिरात मराठीत, दुसरी इंग्रजीत. हिंदी नंतर बघू म्हटलं. आठवड्याने आकडे काढले तर मराठी जाहिरात पाहिलेल्यांपैकी ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण इंग्रजीच्या दुपटीहून जास्त! मी आत्याला फोन करून सांगितलं, "इंग्रजी बंद कर. सगळे पैसे मराठीवर लाव."

हे नवरात्राच्या तोंडावर. आत्याने ऐकलं. त्या दिवाळीत बाहेरगावच्या आणि ऑफिसांच्या भेटीच्या ऑर्डरी आदल्या वर्षीपेक्षा कमी आल्या. तिने आधीच छापून घेतलेले भेटीचे डबे माळ्यावर गेले.

इथे एक गोष्ट लगेच लक्षात घ्या. इंग्रजी जाहिरात बंद केली म्हणून ऑर्डरी घटल्या, असं मी म्हणू शकत नाही. त्या वर्षी आणखी काय काय बदललं असेल, कोण जाणे. जाहिरात चालू ठेवली असती तर काय झालं असतं, हे दाखवणारी दुसरी दिवाळी आपल्याकडे नसते. पण मी तिला ठामपणे जो सल्ला दिला होता, त्याला आधार नव्हता एवढं मात्र नक्की. आणि ते मला कळलं दिवाळीनंतर, मॅडमच्या केबिनमध्ये.

मॅडमचा एक प्रश्न

मी आलेख घेऊन ऐटीत गेले. मॅडमनी अर्धा मिनिट पाहिलं आणि विचारलं, "दोन्ही जाहिराती सारख्याच लोकांना दिसल्या?"

"हो मॅडम. वय, शहर, आवडीनिवडी, सगळं टार्गेटिंग एकच ठेवलं होतं."

"टार्गेटिंग नाही विचारलं मी. दिसल्या कुणाला, ते विचारलं."

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या आराखड्यातही याचं उत्तर नसेल. म्हणून थोडं सावकाश बघू.

आपण जाहिरात देतो तेव्हा 'या वयाच्या, या शहरातल्या लोकांना दाखव' असं सांगतो. हा झाला मोठा हौद. त्यातून प्रत्यक्षात कुणाच्या पडद्यावर जाहिरात जाईल, ते प्लॅटफॉर्मचा अल्गोरिदम ठरवतो. त्याचं काम असतं, जो प्रतिसाद देण्याची शक्यता जास्त त्याला शोधून काढणं. मग मराठी मजकूर तो कुणाला दाखवेल? आधी मराठी पोस्टवर थांबलेल्या, मराठी पानं फॉलो करणाऱ्या माणसांना. इंग्रजी मजकूर जाईल वेगळ्या माणसांना. हौद एकच, पण दोन बादल्यांत आलेलं पाणी वेगळं.

म्हणजे मी 'मराठी विरुद्ध इंग्रजी' अशी तुलना केलीच नव्हती. मी 'मराठी जाहिरात, ती ज्यांना दिसली ते लोक' विरुद्ध 'इंग्रजी जाहिरात, ती ज्यांना दिसली ते लोक' अशी तुलना केली होती. फरक भाषेमुळे पडला की माणसांमुळे, हे त्या आकड्यांतून वेगळं काढणं शक्यच नव्हतं.

ही केवळ शंका नाही, यावर काम झालेलं आहे. मुहम्मद अली, पिओत्र सापिएझिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये फेसबुकच्या जाहिरातींवर प्रयोग करून दाखवलं, की टार्गेटिंग अगदी सारखं ठेवलं तरी शरीरसौष्ठवाची जाहिरात बहुतांश पुरुषांना आणि सौंदर्यप्रसाधनांची बहुतांश स्त्रियांना दाखवली जाते. जाहिरातीत काय आहे यावरूनच ती कुणाला दिसणार हे बदलतं. मायकेल ब्राउन आणि एरिक श्वार्ट्झ यांनी 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मधल्या शोधनिबंधात हाच मुद्दा प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या ए/बी चाचणीला लावला आहे. त्यांनी याला 'डायव्हर्जंट डिलिव्हरी' म्हटलंय. चाचणीच्या सुरुवातीला लोकांचे दोन गट रँडम पडतात, हे खरं. पण प्रत्येक गटातल्या कुणाला जाहिरात दाखवायची, ते पुन्हा अल्गोरिदमच निवडतो. त्यामुळे 'आम्ही ए/बी टेस्ट केली' एवढं लिहून तुमची सुटका होत नाही.

गणित करून बघू

नुसतं वाचून हे पटत नाही, म्हणून कागद-पेन्सिल घ्या. आकडे माझे, फक्त समजावण्यासाठी घेतलेले.

समजा दोन प्रकारचे लोक आहेत: आत्याला आधीपासून ओळखणारे आणि नवीन. दोन्ही जाहिराती प्रत्येकी १,००० जणांना दिसल्या.

- मराठी जाहिरात ८०० ओळखीच्यांना दिसली, ८० ऑर्डरी आल्या. म्हणजे १० टक्के.
- इंग्रजी जाहिरात २०० ओळखीच्यांना दिसली, २४ ऑर्डरी आल्या. म्हणजे १२ टक्के.
- मराठी जाहिरात २०० नवीन लोकांना दिसली, २ ऑर्डरी आल्या. म्हणजे १ टक्का.
- इंग्रजी जाहिरात ८०० नवीन लोकांना दिसली, १६ ऑर्डरी आल्या. म्हणजे २ टक्के.

आता बेरीज करा. मराठीच्या १,००० मागे ८२ ऑर्डरी, इंग्रजीच्या १,००० मागे ४०. एकूण आकडा पाहिला तर मराठी दुपटीने सरस. पण ओळखीच्यांत इंग्रजी सरस आणि नवीन लोकांतही इंग्रजीच सरस!

यात चलाखी काहीही नाही. मराठी जाहिरात मुळातच ओळखीच्या लोकांपुढे जास्त गेली, आणि ओळखीचे लोक भाषा कोणतीही असो, जास्त ऑर्डर देतात. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी तो १९५१ मध्ये मांडला, पण उडनी यूल यांनी १९०३ मध्येच त्याकडे लक्ष वेधलं होतं. बर्कली विद्यापीठातल्या १९७३ च्या प्रवेशांचं उदाहरण तुम्ही एम.एस्सी.ला वाचलं असेलच. मीही वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. स्वतःच्या आत्याच्या मसाल्यात मात्र तो मला दिसला नाही.

माझ्या खऱ्या आकड्यांत नेमकं असंच झालं होतं का? ते तपासायला जाहिरात पाहिलेल्यांत ओळखीचे किती, नवीन किती, याची नोंद लागते. ती मी ठेवलीच नव्हती. त्यामुळे आकडे उलटे असतील किंवा सुलटे, माझ्या निष्कर्षाला किंमत शून्य.

साहित्य परीक्षणात काय वाचाल आणि कसं वाचाल

या विषयावर गूगल केलंत की मोठमोठ्या टक्केवाऱ्या सापडतील. केपीएमजी आणि गूगलच्या २०१७ च्या अहवालात म्हटलंय, की इंग्रजीपेक्षा आपल्या भाषेतल्या डिजिटल जाहिरातीला प्रतिसाद देण्याची शक्यता जास्त, असं भारतीय भाषांत इंटरनेट वापरणाऱ्या ८८ टक्के लोकांच्या बाबतीत आढळलं. सीएसए रिसर्चने २०२० मध्ये २९ देशांतल्या ८,७०९ ग्राहकांना विचारलं, तेव्हा ७६ टक्क्यांनी वस्तूची माहिती आपल्या भाषेत असलेली आवडते असं सांगितलं.

हे आकडे वापरा, पण दोन गोष्टी विचारून. पहिली: लोकांनी काय *सांगितलं* आणि प्रत्यक्षात काय *केलं*, यातलं इथे काय मोजलंय? 'मराठीत माहिती आवडेल का?' असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? पण तोच माणूस रात्री अकरा वाजता इंग्रजी ॲपवरून गुपचूप खरेदी करतो. दुसरी: अहवाल कुणाचा? ज्यांचा धंदा जाहिरातींचा किंवा भाषांतराच्या बाजारपेठेशी जोडलेला आहे, त्यांचा आकडा खोटा असतो असं नाही, पण तो वाचताना हे ध्यानात ठेवायचं.

शोधनिबंधांकडे वळलात की चित्र जास्त गुंतागुंतीचं आणि म्हणून जास्त मजेशीर होतं. स्टेफानो पुंटोनी, बार्ट डी लान्घे आणि स्टाइन व्हॅन ऑस्सेलार यांनी २००९ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये दाखवलं, की जाहिरातीतली वाक्यं मातृभाषेत असली की जास्त भावनिक वाटतात. त्यांचं स्पष्टीकरण असं, की शब्दांना आपल्या आयुष्यातल्या आठवणी चिकटलेल्या असतात. 'खमंग' म्हटल्यावर तुम्हाला जे स्वयंपाकघर आठवतं, ते 'ॲरोमॅटिक' म्हटल्यावर आठवत नाही, तसं काहीसं. पण भावना जास्त म्हणजे विक्री जास्त, असं त्या निबंधाच्या नावावर लिहू नका. ती पुढची पायरी आहे आणि ती वेगळी सिद्ध करावी लागते.

दुसरा निबंध खास आपल्या जवळचा. अराधना कृष्णा आणि रोहिणी अहलुवालिया यांचा, २००८ चा, त्याच नियतकालिकातला, द्विभाषिक ग्राहकांसाठी जाहिरातीची भाषा निवडण्याबद्दलचा. त्यांना आढळलं, की भाषेच्या निवडीचा परिणाम बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या बाबतीत होतो, स्थानिक कंपन्यांच्या बाबतीत होत नाही. शिवाय वस्तू चैनीची की गरजेची, यावरही कोणती भाषा चालते हे बदलतं. हे मी आत्याला सल्ला देण्याआधी वाचलं असतं तर निदान तोंड जरा बंद ठेवलं असतं. आत्याचा व्यवसाय स्थानिक. म्हणजे 'भाषेने मोठा फरक पडेल' हे माझं गृहीतकच आधी तपासायला हवं होतं.

आणि एक किस्सा प्रस्तावनेत असेल तर खोडून टाका: शेवरलेची 'नोव्हा' गाडी स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत खपली नाही, कारण स्पॅनिशमध्ये 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही'. हा किस्सा मार्केटिंगच्या पुस्तकापुस्तकांतून फिरतो, आणि तो खोटा आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी बरी विकली गेली. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर याच नावाचं पेट्रोल विकलं. स्पॅनिश बोलणाऱ्याच्या कानाला एक शब्द आणि दोन शब्द वेगळेच लागतात. जसं आपण 'नवरा' ऐकून 'नव रा' असं तोडत नाही. ऐकीव किस्सा कितीही गोड असला तरी मूळ स्रोत मिळाल्याशिवाय आराखड्यात घालायचा नाही.

'मराठी पोस्ट' म्हणजे नक्की कोणती?

आता तुमच्या मुख्य चलाकडे बघा. आराखड्यात तुम्ही लिहिता 'भाषा: मराठी / हिंदी / इंग्रजी'. सोपं वाटतं. पण खाली चार वाक्यं देते, त्यातली 'मराठी' कोणती ते सांगा.

'दिवाळी फराळाची मागणी नोंदवण्यास प्रारंभ झाला आहे.'
'फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केलीय बरं का!'
'फराळ बुकिंग सुरू, लिमिटेड स्टॉक, आजच मेसेज करा.'
चौथं, तिसरंच वाक्य रोमन लिपीत.

चारही मराठीच. पण पहिलं सरकारी सूचनेसारखं, दुसरं शेजारच्या काकूंसारखं, तिसरं दुकानासारखं, आणि चौथं आपण मित्रांना टाइप करतो तसं. माझ्या प्रयोगात मराठी मजकूर आत्याने स्वतः लिहिला होता, दुसऱ्या वाक्याच्या थाटात. इंग्रजी मजकूर मी लिहिला होता, पहिल्या वाक्याच्या थाटात! म्हणजे भाषेबरोबर लिहिणारी व्यक्तीही बदलली, आणि जिव्हाळाही. फरक पडला असेल तर तो मराठीचा की आत्याचा?

यावर उपाय आहेत. एक म्हणजे उलट-भाषांतर. रिचर्ड ब्रिस्लिन यांचा १९७० चा निबंध यासाठी आजही वाचला जातो. एकाने मराठीतून इंग्रजी करायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणायचं, आणि दोन्ही मराठी शेजारी ठेवून अर्थ कुठे घसरला ते बघायचं. दुसरा उपाय, मजकुराच्या सूरासाठी वेगळा चल ठेवायचा: औपचारिक आणि घरगुती. आणि लिपी हा तिसरा चल.

यंत्राच्या भाषांतरावर डोळे झाकून विसंबू नका. आम्ही एकदा मराठी पोस्ट एका टूलमधून हिंदीत काढली. गोडा मसाल्याचा झाला 'मीठा मसाला'. पुण्यातल्या एका बाईंनी प्रामाणिकपणे विचारलं, "ये खीर में डालना है क्या?" आत्या दिवसभर हसत होती. पण त्या पोस्टचा प्रतिसाद मी 'हिंदीचा परिणाम' म्हणून मोजला असता तर? तो हिंदीचा नव्हता, चुकीच्या शब्दाचा होता. एकच लिपी असल्यामुळे मराठी-हिंदीत हा धोका जास्त आहे. 'शिक्षा' आपल्याकडे भोगायची असते, हिंदीत ती घ्यायची असते. 'लाल तिखट' आपल्याला वस्तू वाटते, हिंदी वाचकाला ते अर्धवट विशेषण वाटतं.

मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरावर काम करायचं असेल तर पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी आणि मिश्र मराठी-इंग्रजीसाठी डेटासेट आणि मॉडेल खुली केली आहेत, ती आधी बघा. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारतचं 'इंडिकट्रान्स२' हे भाषांतराचं मॉडेल २०२३ मध्ये आलं आणि त्यात आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषा आहेत. सुरुवात शून्यातून करायची गरज नाही.

काय मोजायचं आणि किती जणांवर

लाइक मोजणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. आत्याच्या मराठी पोस्टला सगळ्यात जास्त लाइक कुणाचे? आमच्याच नातेवाइकांचे. काकू, माम्या, चुलत बहिणी, भिशीच्या मैत्रिणी. त्या आपुलकीने लाइक करतात आणि मसाला घरातूनच घेऊन जातात. तेव्हा क्लिक, चौकशी, पहिली ऑर्डर, दुसरी ऑर्डर असे टप्पे वेगळे ठेवा, आणि यातला मुख्य कोणता ते *आधी* लिहून ठेवा. नंतर ठरवलं की आपण नकळत जिथे फरक दिसतो तोच टप्पा निवडतो.

हाच नियम तुकडे पाडण्याला. वय, शहर, लिंग, वार, वेळ असे वीस तुकडे करून प्रत्येकात ५ टक्के पातळीवर चाचणी घेतली, आणि खरा फरक कुठेच नसला, तरी कुठेतरी एखादा 'लक्षणीय' फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के आहे, चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर. एक वजा ०.९५ चा विसावा घात. करून बघा.

आणि नमुना. समजा एका भाषेत २ टक्के लोक ऑर्डर देतात आणि दुसऱ्या भाषेत ३ टक्के. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ३,८०० माणसं लागतात. तुमच्या गूगल फॉर्मच्या दीडशे उत्तरांत तो सापडणार नाही. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मुलाखतीत कुणीतरी हमखास यावर अडवतं.

मग आम्ही काय केलं

मॅडमनी सुचवलं, अल्गोरिदमला मधून काढ. आत्याच्या फोनमध्ये पाचशेच्या आत गिऱ्हाइकांचे नंबर होते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात. मेसेज कुणाला जाणार ते इथे आपण ठरवतो, अल्गोरिदम नाही. कॉम्प्युटरवर रँडम क्रमांक काढून यादीचे दोन भाग केले. जुने आणि नवे गिऱ्हाईक दोन्हीकडे सारखे येतील असं बघितलं. एका घरातले दोन नंबर एकाच यादीत ठेवले, नाहीतर बहिणी-बहिणी मेसेज फॉरवर्ड करणार. पहिल्या महिन्यात एका यादीला मराठी आणि दुसरीला इंग्रजी, पुढच्या महिन्यात अदलाबदल. दोन्ही मजकूर या वेळी आत्यानेच सांगितले, मी फक्त उतरवून घेतले आणि उलट-भाषांतराने तपासले.

मर्यादा काय, तेही सांगते, कारण तुमच्या आराखड्यातही हा परिच्छेद हवाच. ब्रॉडकास्ट मेसेज ज्यांनी आत्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे निष्कर्ष निघाला तरी तो जुळलेल्या गिऱ्हाइकांपुरता. अनोळखी माणसाला कोणती भाषा ओढून आणते, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आणि प्रत्येक यादीत अडीचशेच्या आत माणसं असताना, प्रमाण १० टक्क्यांवरून १९च्या आसपास गेलं तरच ते ८० टक्के खात्रीने पकडता येतं. छोटा फरक असला तरी निसटणार.

नीतीचा भागही विसरू नका. गिऱ्हाइकांनी नंबर मसाल्यासाठी दिला होता, तुमच्या प्रबंधासाठी नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. मी घेतली नव्हती, म्हणून हा डेटा माझ्या प्रबंधात नाही आणि येणारही नाही. तो आत्याच्या वहीत आहे.

निकाल? दोन याद्यांत ऑर्डरींचा फरक इतका कमी, की काही म्हणता येत नाही. आत्याला मी या वेळी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकं करून कळलं काहीच नाही?"

एक गोष्ट मात्र मेसेज वाचताना दिसली, जी मी मोजायचं ठरवलंच नव्हतं. इंग्रजी मेसेज गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी उत्तर मराठीत दिलं होतं, बरेचदा रोमन लिपीत. वाचायची भाषा एक, बोलायची दुसरी, टाइप करायची तिसरी. माझा 'भाषा' नावाचा सरळसोट चल तिथेच मोडला. माझ्या प्रबंधाचा आजचा प्रश्न त्यातून आला: लोक कोणत्या भाषेत वाचतात यापेक्षा ते कोणत्या भाषेत *उत्तर देतात*, हे कशावर ठरतं? तो डेटा आता परवानगीसह, नव्याने गोळा करतेय.

आत्याने आपला निर्णय स्वतः घेतला. पदार्थाचं नाव नेहमी मराठीत, देवनागरीत. वजन, किंमत, कुरिअरचे दिवस दोन्ही भाषांत. हिंदीसाठी यंत्र नाही, कामाला येणाऱ्या चौघींपैकी एकीचं माहेर इंदूरचं आहे, ती बघते.

तुमच्यासाठी गृहपाठ

आराखडा पाठवण्याआधी एका कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहा. मजकूर प्रत्यक्षात कुणाला दिसला, हे मला कसं कळणार? भाषेबरोबर आणखी काय काय बदलतंय? मुख्य मोजमाप कोणतं, आणि ते आधी ठरवलंय का? किती माणसं लागतील? परवानगी कुणाची? एका जरी ओळीत अडलात तरी विषय बदलू नका, प्रश्न लहान करा. 'महाराष्ट्रातील ग्राहकांवर भाषेचा प्रभाव' याऐवजी 'एका व्यवसायाच्या जुन्या ग्राहकांमध्ये मेसेजची लिपी आणि उत्तराची लिपी यांचा संबंध' इतकं लहान. पॅनेलला लहान प्रश्न चालतो. उत्तर देता न येणारा मोठा प्रश्न चालत नाही.

आणि माळ्यावरचे ते डबे? पुढच्या दिवाळीला खाली काढले. त्यांच्यावर आदलं वर्ष छापलेलं होतं. आत्या, चौघी जणी आणि मी, एक अख्खा रविवार बसून त्या वर्षावर स्टिकर चिकटवत होतो.